काका, कुठं कामाला होता?

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'मल्टिपल स्मॉल नोड्यूल्स इन बोथ लंग्ज' असं आलं की घरातल्यांचे डोळे आधी 'मल्टिपल'वर जाऊन थांबतात. एकच गाठ असती तर काढून तरी टाकता आली असती, असं कुणीतरी म्हणतं. इतक्या आहेत म्हणजे पसरलंय, असं दुसऱ्या कुणाच्या तरी मनात येतं, पण ते बोलून दाखवलं जात नाही. माझ्या मामाचा रिपोर्ट कोल्हापुरात आला त्या रात्री आमच्याकडे हेच झालं. मामेभावानं मोबाइलवर पाठवलेलं ते पान मोठं करकरून आम्ही सगळे वाचत होतो. कळत कुणालाच काही नव्हतं आणि भीती मात्र सगळ्यांना एकाच गोष्टीची होती.

त्यानंतर या ठिपक्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं, छातीच्या डॉक्टरांना विचारलं, मामाचे जुने एक्स-रे पिशवीतून काढून पुन्हा पुन्हा दाखवले. हे सगळं लिहून ठेवायचं कारण एवढंच की असा रिपोर्ट आजही रोज कुणाच्या तरी हातात पडतो आहे. आणि मला पुरतं पटलेलं आहे की ठिपके फिल्मवर दिसत असले तरी त्यांचं कारण पुष्कळदा माणसाच्या राहण्यात, कामात, जुन्या दुखण्यात असतं. ते विचारल्याशिवाय सापडत नाही. आणि विचारायला वेळ कुणाकडे नसतो.

फुफ्फुसात तीन सेंटिमीटरपर्यंतची गोलसर सावली दिसली तर तिला नोड्यूल म्हणतात. त्याहून मोठी असेल तर तो गोळा, आणि त्याचा विचार वेगळा. मामाच्या रिपोर्टातले ठिपके काही मिलिमीटरचे होते. साध्या एक्स-रेवर इतके बारीक ठिपके सहसा सुटून जातात. सीटी मात्र ते सोडत नाही. आपण दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ येते, धूर येतो, बुरशीचे कण येतात, जंतू येतात. शरीर त्यातलं बरंचसं बाहेर टाकतं, काही जागच्या जागी कोंडून ठेवतं, आणि त्या कोंडून ठेवण्याच्या खुणा पुढे वर्षानुवर्षं राहतात. करोनाच्या दोन वर्षांत आपल्याकडे 'एचआरसीटीचा स्कोअर किती?' हा प्रश्न घराघरात विचारला जायचा. त्या काळात ज्यांनी आयुष्यात कधी सीटी काढला नव्हता अशा असंख्य लोकांच्या छातीचे फोटो निघाले, आणि कितीतरी जणांना नको असलेली ही माहितीही त्याबरोबर मिळाली.

अमेरिकेत त्रेपन्न हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. सगळे ५५ ते ७४ वर्षांचे, दीर्घकाळ भरपूर सिगारेट ओढलेले. म्हणजे फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, अशी माणसं. कमी किरणोत्साराचा सीटी दरवर्षी केल्यानं या कर्करोगानं होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले, ही त्यातली मोठी गोष्ट. पण माझ्यासाठी दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा ठरला. ज्यांच्या स्कॅनमध्ये संशयास्पद काही दिसलं, त्यातल्या ९६ टक्क्यांहून जास्त वेळा तो कर्करोग नव्हताच. हे मी मामीला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं मला तो आकडा तीनदा म्हणायला लावला.

पुष्कळ बारीक ठिपके असले म्हणजे एकापेक्षा जास्त वाईट, असंही नसतं. फ्लायश्नर सोसायटी ही छातीच्या रेडिओलॉजीतली जगभर मानली जाणारी संस्था. तिच्या २०१७ च्या सूचना सांगतात की सहा मिलिमीटरपेक्षा लहान, भरीव ठिपके अनेक असले आणि माणसाला कर्करोगाचा विशेष धोका नसला, तर नेमानं पुन्हा स्कॅन करत राहायची गरज नाही. मात्र या सूचना पस्तिशीच्या आतल्यांना लागू नाहीत, ज्यांना आधी कर्करोग झालाय त्यांना नाहीत, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजारानं खालावली आहे त्यांनाही नाहीत. इंटरनेटवर वाचताना नेमकी ही अट नजरेतून सुटते.

मग डॉक्टर बघतात काय? आकार बघतात, कडा बघतात, आत चुना साचलाय का ते बघतात. आणि सगळ्यात आधी बघतात ती मांडणी. हे मला एका रेडिओलॉजिस्टनं स्क्रीनसमोर बसवून दाखवलं. काही फुफ्फुसांत ठिपके मुठीनं बी फोकून दिल्यासारखे, कुठंही कसेही पडलेले असतात. काहींत ते पाभरीनं पेरल्यासारखे ओळ धरून जातात. फोकलेले बहुधा रक्तातून आलेले असतात. रक्त सगळीकडे जातं, तसे तेही सगळीकडे. ओळ धरणारे लसीकावाहिन्यांच्या, म्हणजे अंगातला पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या कडेनं, फुफ्फुसाच्या खणांमधल्या पडद्यांना आणि बाहेरच्या आवरणाला लागून बसतात. तिसरा प्रकार श्वासातून आलेल्यांचा. फुफ्फुसाचे सेंटी-दोन सेंटीचे छोटे छोटे घटक असतात आणि प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक श्वासनलिका शिरते. हे ठिपके तिच्याभोवती जमतात आणि आवरणालगतची कड मोकळी सोडतात. काहींची मांडणी दोन प्रकारांत मोडते, काहींची कशातच बसत नाही. पण एवढं बघूनही कारणांची लांबलचक यादी बरीच आखूड होते.

आपल्या देशात त्या यादीत पहिला विचार क्षयाचा येतो, आणि तो यायलाच हवा. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. त्याला एवढा काळ लोटला तरी जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे. क्षयाचे ठिपके दोन टोकांचे असू शकतात. एका टोकाला जुनी, बरी झालेली खूण. लहानपणी कधीतरी जंतू आत गेला, शरीरानं तो कोंडला, वर चुना चढला आणि गोष्ट तिथंच संपली. त्या माणसाला कधी खोकलाही आलेला नसतो. आपल्या चाळींत, वाड्यांत, एसटीत वाढलेल्या पिढीच्या छातीत अशा चुनखडी झालेल्या खुणा सापडणं हे काही नवल नाही. दुसऱ्या टोकाला मिलिअरी क्षय: जंतू रक्तात शिरून दोन्ही फुफ्फुसांत एक ते तीन मिलिमीटरचे, जवळपास एकाच मापाचे असंख्य दाणे उठतात. हा माणूस बहुतेकदा आजारी दिसतो. ताप, वजन उतरणं, रात्री घामानं अंथरूण भिजणं. यात दिवस घालवणं जिवावर बेतू शकतं, कारण हाच जंतू मेंदूच्या आवरणातही पोचलेला असू शकतो.

म्हणून 'ठिपके दिसले, क्षय असेल' असं म्हणणाऱ्या डॉक्टरला मी एकदम चूक म्हणणार नाही. माझी तक्रार त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. आता थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी होते. ट्रूनॅटचं यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे, बॅटरीवर चालतं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देणारा आहे का, हे तासा-दोन तासांत कळतं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. थुंकी सुटत नसेल तर दुर्बिणीनं फुफ्फुस धुऊन पाणी घेता येतं. हे काहीच न करता सहा महिन्यांचं औषध सुरू होतं आणि घरचे 'टीबी आहे' असं धरून चालतात.

मामाचंही जवळपास तसंच झालं. खोकला सुरू होऊन बरेच महिने झाले होते. जोतिबाला पायऱ्या उतरून देवळात गेला की परत वर येताना तो मधे दोनदा बसायचा, आणि वयामुळं होतंय म्हणायचा. एका ठिकाणी एक्स-रे काढला, वरच्या भागात ठिपके दिसले, थुंकीत काही सापडलं नाही, तरी क्षयाच्या गोळ्या चालू झाल्या. लघवी नारिंगी झाली, जेवण तुटलं. मामी त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवायला लागली, नातवंडांना त्याच्या खोलीत जाऊ देईना. मामाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. खोकला जिथल्या तिथं राहिला.

पुढे सीटी झाला, आणि तो घेऊन आम्ही छातीच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फिल्म वर लावली, पण तिच्याकडे पाठ करून आधी मामाला विचारलं,

"काका, कुठं कामाला होता?"

"फौंड्रीत."

"कुठल्या खात्यात?"

"फेटलिंगला. सुरवातीला थोडं मोल्डिंगला, मग फेटलिंगलाच."

"किती वर्षं?"

"लगीन व्हायच्या आधीपासनं. रिटायर होईस्तोवर तिथंच की."

"तोंडाला काय बांधायचा?"

"टॉवेल."

कोल्हापूर ज्यांना माहीत आहे त्यांना यापुढचं सांगायची गरज नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांनी या जिल्ह्याला दोन पिढ्या पोसलं आहे. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात, कास्टिंग गार झालं की साचा फोडतात, आणि कास्टिंगला चिकटलेली वाळू छिन्नीनं, ग्राइंडरनं झाडून काढतात. ते काम फेटलिंगचं. ती वाळू म्हणजे बहुतांशी सिलिका. ग्राइंडर लागला की तिचा इतका बारीक भुगा होतो की तो नाकातल्या केसांना, घशातल्या कफाला अडकत नाही, थेट वायुकोशांपर्यंत पोचतो. टॉवेल त्याला कुठून अडवणार? फुफ्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो कण गिळतात, पण सिलिका त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या न संपणाऱ्या झटापटीत तिथं निबर, गोलाकार गाठी तयार होतात. बहुतेक फुफ्फुसाच्या वरच्या भागात, दोन्ही बाजूंना. काहींच्या छातीतल्या लसीकाग्रंथींना (लिम्फ नोड्सना) कडेकडेनं चुना धरतो. मामाच्या फिल्मवर तो होता, आणि आधीच्या रिपोर्टातही त्याची नोंद होती. फक्त त्या ओळीला कामाची माहिती जोडायला कुणी नव्हतं.

हा सिलिकोसिस. सहसा धुळीत दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काढल्यावर दिसायला लागतो. काम सोडलं तरी आतलं थांबत नाही, हे त्यातलं क्रूरपण. बरं करणारं औषध नाही. आणि सिलिका भरलेल्या फुफ्फुसात क्षय कितीतरी सहज शिरतो. त्यामुळं त्या डॉक्टरांनी क्षयाच्या आधीच्या निदानावर लगेच फुली मारली नाही. दुर्बिणीनं पाणी घेऊन तपासलं, जंतू वाढतो का ते बघायला कल्चर लावलं, त्याचा निकाल येईपर्यंत थांबले, आणि मगच गोळ्या बंद केल्या. पुढे कधीही ताप आला, वजन घटलं, तर पुन्हा क्षयाची तपासणी करायची, असं बजावून ठेवलं. या दोन आजारांत 'एक तर हा नाहीतर तो' असं धरणं धोक्याचं आहे. दोन्ही एकाच छातीत नांदू शकतात.

फौंड्री ही एकच जागा नाही. दगडाच्या खाणी, खडी क्रशर, विहिरी खणणं, बोअर मारणं, काच, सिरॅमिक, वाळूचा मारा करून लोखंड घासणं, सगळीकडे तीच धूळ. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे कामगार, गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी घासणारी कुटुंबं, अलिराजपूर-झाबुआहून गोध्र्याकडच्या क्वार्ट्झच्या कारखान्यांत गेलेले आदिवासी, या सगळ्यांची फुफ्फुसं याच दगडानं खाल्ली. आपल्याकडे वडार समाजानं पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला. धरणांच्या भिंती, रस्त्यांची खडी, घरोघरचे पाटे-वरवंटे त्यांच्या हातचे. त्यांच्या वस्तीत दम्यानं आणि टीबीनं गेले म्हणून सांगितलेल्या माणसांपैकी किती जण खरं म्हणजे दगडानं गेले असतील, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

कामाइतकंच घरही विचारावं लागतं. पुण्या-मुंबईतले छातीचे डॉक्टर आता सर्रास विचारतात, खिडकीत कबुतरं येतात का? कबुतरांच्या विष्ठेतले आणि पिसांतले प्रथिनांचे कण वर्षानुवर्षं श्वासात गेले की काहींच्या फुफ्फुसाला त्यांची ॲलर्जी होते. मग श्वासनलिकांभोवती पुसट, धुरकट ठिपके उमटतात. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असं त्याचं नाव. भारतातल्या २७ केंद्रांतल्या १०८४ रुग्णांची एक नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली. फुफ्फुसाच्या जाळीला होणाऱ्या आजारांपैकी जवळजवळ निम्मे या एकाच प्रकारचे निघाले, आणि त्यातल्या अनेकांच्या घरी एअर कूलर होते. कूलरच्या ओल्या गवतात बुरशी धरते, हे विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून रस्त्यावर वाद झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा भूतदयेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं मन मला समजत होतं. पण कबुतरांमुळं ऑक्सिजनच्या नळीवर आलेल्या एखाद्या बाईला भेटलं की दाणे टाकायला हात होत नाही. या आजारात लवकर कळलं तर फायदा मोठा आहे: कारण दूर केलं की ठिपके विरूही शकतात.

सार्कॉइडोसिस हा तर क्षयाचा तोतयाच. लसीकावाहिन्यांच्या कडेनं ठिपके, छातीत सुजलेल्या ग्रंथी, कधी बारीक ताप. तुकडा तपासला तर त्यातही क्षयासारखेच ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे बारीक पुंजके दिसतात, फक्त बहुधा मधला भाग सडलेला नसतो. जंतू नसतो, संसर्ग नसतो, आणि कितीतरी जणांना औषधाशिवायही आपोआप उतार पडतो. आपल्याकडे अशी माणसं आधी क्षयाच्या गोळ्या खाऊन आलेली असतात. बाकीची कारणं मोजत बसलं तर पान पुरणार नाही: मोठेपणी कांजिण्या फुफ्फुसात उतरल्या तर पुढे राहणारे चुन्याचे बारीक कण, संधिवाताच्या गाठी, हत्तीरोगाच्या जंताला शरीरानं दिलेली तीव्र प्रतिक्रिया, बुरशीचे संसर्ग, ईशान्य भारतात कच्चे-अर्धकच्चे खेकडे खाल्ल्यानं होणारा आणि क्षय असल्याचा चकवा देणारा कृमी. आणि फुफ्फुसाच्या आतल्या साध्या लसीकाग्रंथी, ज्या आजारच नव्हेत.

कर्करोगाबद्दल गुळमुळीत बोलणं मला बरोबर वाटत नाही. स्तन, आतडं, मूत्रपिंड, थायरॉइड, हाडं, अशा कुठल्याही जागचा कर्करोग रक्तातून फुफ्फुसात येऊन अनेक गाठी करू शकतो. त्या बहुतेकदा लहान-मोठ्या मापांच्या, गोल, कडेकडेला आणि खालच्या भागात जास्त असतात, कारण उभ्या माणसाच्या फुफ्फुसात रक्त खाली जास्त जातं. ज्याला आधी कर्करोग होऊन गेलाय त्यानं अशा रिपोर्टनंतर एक दिवसही घालवू नये. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडे जावं. पण त्याच्याही छातीतला प्रत्येक ठिपका कर्करोगाचा असतो असं नाही. पेट स्कॅन करून टाकू, म्हणजे एकदाचा निकाल लागेल, असं नातेवाईक म्हणतात. आठ मिलिमीटरच्या खालच्या गाठीवर पेटचा फारसा भरवसा धरता येत नाही, आणि जिवंत क्षयाची गाठ त्यावर कर्करोगासारखीच चमकते. चार मिलिमीटरच्या ठिपक्याला सुई लावणंही सहसा जमत नाही.

म्हणून डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करू. हे ऐकून घरच्यांना वाटतं, यांना काही कळलेलं नाही, उगाच थांबवताहेत. पण हे थांबणं म्हणजेच तपासणी आहे. भरीव कर्करोगाची गाठ बहुतेकदा शंभर ते चारशे दिवसांत घनफळानं दुप्पट होते. आणि घनफळ दुप्पट व्हायला व्यास सव्वापटीनं वाढला तरी पुरतो, सहाचा साडेसात मिलिमीटर. हा दीड मिलिमीटर नीट मोजता यावा म्हणून मधे काळ जावा लागतो. दोन वर्षं जागची न हललेली भरीव गाठ सहसा निरुपद्रवी धरतात. इथंच जुन्या फिल्मची किंमत कळते. पाच वर्षांपूर्वी पडल्यावर काढलेला छातीचा एक्स-रे, करोनातला सीटी, कारखान्यातल्या वार्षिक तपासणीतली फिल्म, यातलं काहीही सापडलं आणि तोच ठिपका तिथं तसाच असला, तर पुढच्या कितीतरी तपासण्या वाचतात. दिवाळीच्या आवराआवरीत या फिल्म आपण रद्दीत घालतो. घालू नका.

मामाला आता न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसी दिल्या आहेत, श्वासाचे व्यायाम शिकवले आहेत, ठरावीक काळानं फुंकर मारून घेतात ती तपासणी होते. मामीनं ताट-वाटी पुन्हा एकत्र केली. आता आम्ही भांडतो आहोत ते कागदांसाठी. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून सिलिकोसिस हा डॉक्टरनं सरकारला कळवायचा व्यवसायजन्य रोग आहे, त्याला नुकसानभरपाईही आहे. पण त्यासाठी त्या खात्यात, त्या धुळीत इतकी वर्षं काम केल्याचा पुरावा लागतो. मामाकडे निदान पगाराच्या काही चिठ्ठ्या आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे. त्याच्या शेजारच्या ग्राइंडरवर उभे राहणारे बरेच जण कंत्राटी होते, मुकादम सांगेल त्या दिवशी यायचे. त्यांच्याकडे दाखवायला फक्त स्वतःची फुफ्फुसं आहेत, आणि त्यातल्या काहींच्या दवाखान्याच्या फाइलवर अजून 'टीबी' असंच लिहिलेलं आहे. मामा एकेकाच्या घरी जाऊन त्या फाइली मागून आणतोय. मी त्यांच्या प्रती काढून डॉक्टरांकडे नेते आहे, आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर त्या माणसाचं खातं आणि वर्षं लिहून देते आहे.